एक म्हणजे ठीक

३ मार्च

चि. मनी,

आशीर्वाद. 'अनेक' लिहिलेलं नाही. जाताना तू म्हणालीस की माझ्याकडून सगळंच अनेक येतं, म्हणून या वेळी एकच पाठवतो आहे. जपून वापर.

तुझा हुकूम तुझ्या आईने मला शब्दन् शब्द ऐकवला. "बाबांना सांग, फोन करायचा नाही. पत्र लिहा म्हणावं. पत्र लिहिलं की उत्तराची वाट बघावीच लागते, तेवढी तरी सवय होईल." ती हे भांडी विसळता विसळता सांगत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ हसत होती. तर हे पत्र. नीट पोचलीस ना? खोली कशी आहे? खिडकी कुठल्या बाजूला उघडते? खोलीत आणखी कोण आहे? कामाच्या जागी पाणी किती खोल, किती गार, अंगातला सूट तुझ्या मापाचा आहे की कोणाचा तरी जुना, जेवायला सुट्टी देतात का, आणि दोरी कोण धरतं?

तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, "झाली सुरुवात."

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण तू तुझी बाजू गावभर सांगितली असणार, तेव्हा माझीही कुठेतरी कागदावर असू दे. तू खाली धरणाच्या दाराशी, गढूळ पाण्यात. मी वर काठावर, तुझी दोरी माझ्या हातात. मी एक झटका दिला. एक म्हणजे 'ठीक आहेस का?' खालून एक यायला हवा, म्हणजे 'ठीक'. आला नाही. पुन्हा दिला. आला नाही. पुन्हा दिला, तरी नाही. खालून उत्तर आलं नाही तर दोरीवाल्याने काय करायचं, हे या कंपनीत सगळ्यांना मीच शिकवत आलो आहे. मी ओरडलो, दुसऱ्या डायव्हरला पाण्यात उतरवलं आणि तुला वर काढलं. तू धडधाकट. तोंडावरचा मास्क काढून पहिलं वाक्य काय बोललीस तर, "बाबा, मला दोनच हात आहेत."

मुकादम हसला. वेल्डर हसला. जो डायव्हर तुला आणायला उतरला होता तो तर काठावर लोळायचा बाकी राहिला. मग तू सगळ्यांसमोर सांगितलंस की उत्तर मुद्दामच दिलं नव्हतं. श्वास घेतला की विचारता, सोडला की विचारता, एका हाताने तुम्हालाच उत्तरं देत बसले तर बोल्ट काय दातांनी फिरवू? लोक पुन्हा हसले. उत्तर येत नव्हतं तेवढ्या वेळात माझं काय झालं, ते मी तेव्हाही बोललो नाही आणि आताही लिहीत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तू त्या लांबच्या कंपनीत नोकरी धरलीस. सामान बांधताना मी विचारलं, "टॉवेल घेतलास का?" तू उत्तर दिलं नाहीस. तेही मुद्दाम का?

लहानपणी आंघोळीचं पाणी काढलं की तू पलंगाखाली जाऊन बसायचीस, म्हणून तर 'मनी' हे नाव पडलं. पाण्याला एवढी भिणारी मांजर पुढे पाण्याखाली जाऊन पोट भरणार, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एक तोडगा सुचवतो. बोलायला नको. रविवारी सकाळी माझ्या फोनवर एक रिंग दे आणि कापून टाक. मी उचलणार नाही. मीही एक रिंग परत देईन, म्हणजे तुझी मला पोचली हे तुला कळेल. नियम आपले दोरीचेच: एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोरी सोडा, तीन म्हणजे ढिली दोरी ओढून घ्या, चार म्हणजे वर काढा. हे तुला सांगायची गरज नाही. पण सध्या एका नव्या माणसाला मी हेच शिकवतो आहे, त्यामुळे तोंडात तेच बसलं आहे.

बाबा

ता. क. सुटाच्या गळ्याजवळचं रबर तपासून घे. हा प्रश्न नाही.

११ मार्च

चि. मनी,

आशीर्वाद, एक.

रविवारी तुझी रिंग आली. मी उचलली नाही, आईला विचार. फोन टेबलावर ठेवून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. मग नियमाप्रमाणे एक परत दिली. त्यानंतर माझ्याकडून आणखी एक आली असेल, ती चुकून लागली. आणि तिच्यानंतरची होती ती, मघाची चुकून लागली होती की नाही हे बघायला. तुझ्या आईने फोन काढून घेतला आणि कपाटात बश्यांच्या मागे ठेवून दिला. तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. म्हणजे आई तसं म्हणते.

तुझ्या त्या प्रकरणाची बातमी वरपर्यंत गेली आणि ऑफिसला वाटलं, आमच्यात बोलण्याचालण्याचा काहीतरी घोटाळा आहे. म्हणून एक बाई आल्या. मीटिंगच्या खोलीत आम्हा सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून 'संवादाची मूलतत्त्वं' शिकवली. फळ्यावर एक डोकं काढलं, समोर दुसरं डोकं, मध्ये बाण. हा बोलणारा, हा ऐकणारा, हा निरोप, हे मधले अडथळे, आणि हा उलटा बाण म्हणजे उत्तर. उलटा बाण नसेल तर बोलणं झालंच नाही म्हणे. मी मुकादमाच्या कानात म्हटलं, यासाठी फळा कशाला, दोरी दिली असती की हातात.

मग बाईंनी आम्हाला जोडीजोडीने पाठीला पाठ लावून बसवलं. मला एक चित्र दिलं, साधी किटली. मी न दाखवता सांगायचं आणि मुकादमाने ऐकून काढायचं. मी सांगितलं सगळं, पोट केवढं, तोंड कुठे, कान कुठे, झाकणावर गाठ आहे ती विसरू नको, आणि काढतो आहेस ना, पोट काढलंस का, तोंड डावीकडे घेतलंस ना, रेघ जाड नको. मुकादमाने काढलेलं बघून बाईंनी विचारलं, "हे बदक आहे का?" मुकादम म्हणाला, "मॅडम, यांच्या बोलण्यात श्वास टाकायला जागा नव्हती. मी जे मिळालं ते काढलं."

सगळे पांगल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. चहाचा कप हातात, आवाज अगदी साधा. "काका, तुम्ही प्रश्न विचारता ते उत्तर ऐकायला की स्वतःचा जीव थंड करायला?"

मी म्हटलं, "दोन्हीसाठी."

"एका प्रश्नात दोन्ही मावत नाहीत," त्या म्हणाल्या. "समोरच्याला लगेच कळतं, आपलं उत्तर कोणाला नकोच आहे."

मला राग आला. यांना मुलगी नसणार, असं घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, दोन आहेत. एक परदेशात असते आणि महिन्यातून एकदा बोलते.

खोलीच्या खिडकीबद्दल तू काही कळवलं नाहीस. पण असू दे.

बाबा

२० मार्च

चि. मनी,

आशीर्वाद. रविवारची रिंग आली. मी एकच परत दिली. फोन अजून बश्यांच्या मागेच राहतो, मी रविवारी सकाळी मागून घेतो.

मी शिकवतो आहे तो नवा माणूस म्हणजे पन्नाशीला टेकलेला एक कंडक्टर. त्याची बस ज्या रस्त्याने जायची तो मार्ग बंद झाला आणि हा आमच्याकडे आला. दोरी हातात दिली की टिंग टिंग करतो. त्याला म्हटलं, अरे बाबा, इथे एकावर कोणी थांबत नाही आणि दोनवर कोणी सुटत नाही. तो म्हणाला, "साहेब, आमचं सोपं होतं. मी दोन घंटा द्यायचो. ड्रायव्हर कधी हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. बस हलली की समजायचं, ऐकलं त्याने." माणूस चांगला आहे. पण फार धास्ती घेतो, आणि ती कोणाकडून शिकला हे मला ठाऊक आहे.

पाण्याआधी कोरडा सराव असतो, तो तूही केला आहेस. गोदामात एकाच्या डोळ्यांवर पट्टी, कमरेला दोरी. दुसरा भिंतीपलीकडे दोरी धरून. डायव्हर सगळे कामावर होते, म्हणून पट्टी मी बांधून घेतली. माझ्या फुटक्या कानामुळे मला कधी पाण्यात उतरता आलं नाही. सगळा जन्म दोरी धरण्यात गेला, पण दोरीच्या त्या टोकाला मी कधी नव्हतो.

काम सोपं होतं. लोखंडी पट्टीवर चाचपडत नट बसवायचे. मी पहिला नट बोल्टवर टेकवला आणि कमरेला झटका बसला. ठीक? मी एका हाताने उत्तर दिलं, ठीक. नट पडला. गुडघ्यावर बसून शोधला, पुन्हा टेकवला, पुन्हा झटका. पुन्हा ठीक. पुन्हा नट खाली, आणि या वेळी घरंगळत कुठेतरी लांब गेला. मी त्याला जसं शिकवलं होतं तसंच तो करत होता, हीच तर पंचाईत. शेवटी मी उत्तर देणं बंद केलं. मुद्दाम नव्हे. म्हणजे, थोडं मुद्दाम.

मग त्याने जी दोरी खेचली, मी सपशेल पाठीवर. पट्टी काढतो तोवर कंडक्टर भिंतीला वळसा घालून धावत आला. तोंड पांढरंफटक, आणि हात माझ्या खांद्यांवरून असे फिरत होते, जणू मी कुठे मोडलो आहे ते शोधताहेत. माझं ढुंगण चांगलंच शेकलं होतं, पण मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. माझा चेहरा त्या दिवशी असाच दिसत असणार.

"साहेब, उत्तर का नाही दिलंत?" तो म्हणाला.

"मला दोनच हात आहेत," मी म्हटलं.

हे वाक्य मूळचं कोणाचं, ते त्याला सांगितलं नाही.

यातून मी काही कबूल करतो आहे असं समजू नकोस. फक्त शिकवण्यात थोडा बदल केला आहे. आता मी त्याला सांगतो, दोरी ताठ धरायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही. खालच्या माणसाचं वजन बोटांना कळेल, एवढीच. खाली काम चालू असलं की दोरी आपोआप बारीक थरथरते. ती थरथर हेच उत्तर असतं. आपण सारखं विचारत राहिलो तर आपल्याच झटक्यांमध्ये ती कळत नाही.

हे मला आधीपासून माहीत होतं. इतरांची दोरी मी अशीच धरायचो, विचार कोणालाही. तुझीच धरताना बोटं बधिर व्हायची. भीतीने व्हायची, आणखी कशाने.

बाबा

२ एप्रिल

चि. मनी,

आशीर्वाद.

वेल्डर परत आला. तुमच्याकडे झडपेच्या कामाला त्याला आठवडाभर बोलावलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. तू पाण्यात होतीस आणि तुझी दोरी कठड्याच्या गजाला बांधलेली होती. दोरीवाला लांब सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता. वेल्डरने हाक मारली तेव्हा तो हसत आला आणि दोरी सोडवून हातात घेतली.

या पत्राचे बरेच कागद मी फाडले. त्यांत काय होतं ते तुला न वाचताच माहीत आहे, म्हणून पाठवत नाही. एकच प्रश्न विचारतो आणि थांबतो.

तुझी दोरी कोण धरतं?

बाबा

९ एप्रिल, बसस्टँडवर

चि. मनी,

आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं. ते इथे उतरवून काढतो, कारण माझ्या डोळ्यांना त्यात हवं ते दिसतं आणि हाताने लिहिलं की जे आहे तेच दिसतं. "बाबा, एकच प्रश्न आला म्हणून लगेच उत्तर देते. माणूस नवीन आहे, शिकतो आहे. दोरी बांधली ती एकदाच. मी त्याला सांगितलं आहे. आता ठीक आहे. तुम्ही येऊ नका. इथे मी कोणाची मुलगी नाही, नुसती डायव्हर आहे, आणि मला ते हवं आहे. खिडकी मागच्या गल्लीकडे उघडते. मनी."

खिडकीचं कळवलंस. बरं वाटलं.

पण बाकीच्यावर माझा विश्वास बसला नाही. 'आता ठीक आहे' हे तू मोठ्या अक्षरांत लिहिलं आहेस. शाळेतून पडून आलीस की गुडघ्यावर हात ठेवून अशाच मोठ्याने 'काही नाही' म्हणायचीस. मी पिशवी भरली. तुझी आई अंघोळीला गेली होती तेवढ्यात बश्यांच्या मागचा फोन घेऊन निघालो, तिकीट काढलं आणि इथे बाकावर बसलो. बस लागायची आहे. शेजारी एक बाई आपल्या पोराला सारखं विचारते आहे, तहान लागली का, शू लागली का, भूक लागली का. पोर खांबाकडे बघत बसलं आहे.

आत्ता तुझ्या आईचा फोन येऊन गेला. माझी चप्पल जागेवर नाही म्हटल्यावर तिला कळलंच.

"कुठे आहात?"

"स्टँडवर."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "अहो, तिने काय कळवलं आहे?"

"ठीक आहे म्हणून."

"मग खालून ठीक आल्यावर वरच्याने काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "पण खोटं असलं तर?"

"असेल खोटं," ती म्हणाली. "पण तुम्ही आज जाऊन तिला वर ओढलंत, तर ती पुन्हा कधी तुम्हाला खरं सांगेल का? आणि मला काय काळजी नाही वाटत? मी काय दगड आहे?" तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली ती मला इथे ऐकू आली. "या घरी," ती म्हणाली, "चहा टाकते."

तर मी घरी जातो आहे. बस लागली आहे, लोक चढताहेत, आणि मी बाकावरून उठलेलो नाही. माझ्या आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही, हे लक्षात असू दे.

जाण्याआधी एकच सांगायचं आहे. त्यात प्रश्न नाही. त्या दिवशी लोक हसले, ते मला हसले. तुला नाही. पण तू भर लोकांत दोरीला लोंबकळत वर आलीस, आणि तुझ्या कानांत ते हसू बसलं, हे मला उशिरा कळलं. माझ्यामुळे तुला वर येण्याचीच लाज वाटायला लागली असेल, तर ती मला सगळ्यात मोठी भीती आहे. पाण्यापेक्षा मोठी. चार झटके देणाऱ्या माणसाला शहाण्या काठावर कोणी 'का' विचारत नाही. आधी वर घेतात, कोरडा टॉवेल देतात, गरम काहीतरी पाजतात. पुढे त्याला वाटलं तर तो सांगतो, नाही तर नाही.

माझ्या फोनवर चार कधीही देता येतात. रविवारच असायला हवा असं नाही. आणि चार आले तर मी काही विचारणार नाही. हे मी लिहून देतो आहे, खाली सही करतो.

बस गेली.

बाबा (सही)

१७ एप्रिल, बसमध्ये

चि. मनी,

हे पत्र टपालात पडणार नाही, मीच घेऊन येतो आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, रस्ता खराब आहे. पण हातांना काहीतरी काम द्यायला हवं, नाहीतर ते फोनकडे जातात.

सकाळी मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस. फोन वाजला आणि कापला गेला. वार बुधवार. मला वाटलं, चुकून लागला असेल, माझ्याकडून लागायचा तसा. पुन्हा वाजला. दोन. मी म्हटलं, हं, दोरी सोडा म्हणते आहे, मी काय केलं आता? तिसरा वाजला. तुझी आई बश्यांच्या मागून फोन काढून धावत येईपर्यंत चौथा वाजत होता आणि तिच्या हातातच थांबला.

आम्ही दोघं मोरीच्या दारात उभे. पाचवा वाजेल म्हणून थांबलो. नाही वाजला.

मनी, माझं बोट तुझ्या नावावर गेलं होतं. काय झालं, कुठे आहेस, लागलंय का, कोण आहे जवळ, रक्त आलंय का, उभी राहता येतं का, सगळं तोंडाशी आलं होतं. तुझ्या आईने मला अडवलं नाही. नुसता माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार पडला होता. मग मला आठवलं की पहिलं काम उत्तर देणं. ओढणं त्याच्यानंतर. खालच्या माणसाने चार दिले की वरून चार परत जायला हवेत, जसेच्या तसे, नाहीतर त्याला कसं कळणार की आपलं वर पोचलं आहे. गेली सगळी वर्षं मी हे शिकवत आलो.

मी एक रिंग दिली. कापली. दुसरी. तिसरी देताना बोट घसरलं, फेसाचं बोट होतं, पुन्हा नीट दिली. चौथी. आणि फोन खाली ठेवला.

मग मोरीत बसून रडलो. ते लिहायला हरकत नाही.

तोवर तुझ्या आईच्या फोनवर तुझा मेसेज आला. तिने मोठ्याने वाचला, मध्ये दोनदा थांबून. "काल खाली मासेमारीच्या जाळ्यात पाय अडकला. चार दिले. वरून काहीच आलं नाही. पुन्हा दिले. दोरी गजालाच बांधलेली होती. चाकूने जाळं कापून माझी मी वर आले. लागलेलं नाही. आज उतरायला सांगितलं, मी नाही म्हणाले. खोलीवर आहे. बाबांचे चार मिळाले. न्यायला या."

'बाबांचे चार मिळाले' हे वाक्य तिने पुन्हा वाचलं. मला ऐकवायला नव्हे, स्वतःला.

खाली, त्या अंधारात, तू झटके देत होतीस आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचा गज होता. हा विचार मी स्टँडपासून इथपर्यंत कसाबसा बाजूला सारत आणला आहे. त्या दोरीवाल्याचं काय करायचं, तुझ्या कंपनीला काय कळवायचं, ते तू सांगशील तेव्हा आणि तू सांगशील तसं. मला फार काही करावंसं वाटतं आहे, आणि त्यातलं काहीच तू मागितलेलं नाहीस. तू 'न्यायला या' एवढंच म्हणाली आहेस.

कंडक्टर मला सोडायला स्टँडवर आला होता. त्याला सगळं सांगायला वेळ नव्हता. मी फक्त म्हटलं, पोरीने चार दिले. त्याने माझी पिशवी वर ठेवली, खाली उतरला आणि बाहेरून बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरने मागे वळूनही पाहिलं नाही, पण बस हलली. कंडक्टर खिडकीखालून बघत होता. त्याने मान डोलावली.

आईने डब्यात उकडलेली अंडी दिली आहेत आणि वर तो टॉवेल आहे, निळा, तू नेला नव्हतास तो.

तुला माहीत आहे, खोलातून माणसाला वर आणताना एकदम आणत नाहीत. मध्ये थांबवत, अंगाला सवय होऊ देत आणतात, नाहीतर वर येऊनही माणूस जातो. घरी तसंच करू. पहिल्या दिवशी कोणी काही बोलणार नाही. आईला मी बजावलं आहे, तिने मलाच बजावलं. तुला पुन्हा पाण्यात जायचं असेल तर जा. माझी दोरी नको असेल तर कंडक्टरची घे, त्याची बोटं आता चांगली झाली आहेत. मीच शिकवली आहेत, पण तुझ्यामुळे.

तुझं गाव आता जवळ आलं असावं. बाहेर पाण्याच्या टाक्या दिसायला लागल्या आहेत. मला अजून भीती वाटते आहे. तू ठीक आहेस हे कळल्यावरही ती गेली नाही, ती बहुतेक आता राहायलाच आली आहे. पण ती मी माझ्याजवळ ठेवीन, तुझ्या हातात देणार नाही. तुला दोनच हात आहेत.

मी जिना चढून येईन आणि दारावर एकदाच टकटक करीन. एक. तू आतून एक दे. दार लगेच उघडायला नको. तोंड धुवायचं असेल, रडायचं असेल, नुसतं बसून राहायचं असेल तर बस. मी हे पत्र दाराखालून आत सरकवीन आणि जिन्यावर बसेन. काठावर बसून राहण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

फक्त तो एक दे.

बाबा